चौऱ्याहत्तर क्रमांकाचे उणे दोन

मी रोहिणीबाईंचे लाल पेन बोलते आहे. पेण शहरातील एका कार्यालयात, अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक सामन्याचे गुणांकन तपासताना, चौऱ्याहत्तर क्रमांकाच्या खेळाडूला नऊ वेळा 'उणे दोन' गुण दिले गेले. ते मी दिले. त्यांपैकी सात वेळा तो निर्दोष होता. हे आरंभीच सांगितलेले बरे. उत्तरात गुण मुद्द्याला असतात, प्रस्तावनेला नसतात.

दुसरा खुलासा व्याकरणाचा. 'पेन' हा शब्द नपुंसकलिंगी आहे. तेव्हा 'बोलते', 'आले' ही माझी रूपे कोणी स्त्रीलिंगी समजू नयेत. 'तो पेन' म्हणणारेही लोक आहेत. त्यांच्याशी माझा संबंध नाही.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. माझी स्मृती रोह्याच्या बाजारपेठेतील हैबतरावांच्या दुकानापासून सुरू होते. दुकानाच्या काचेवर एक कागद चिकटवला होता: 'उत्तम पेण मिळतील.' बाई त्या वेळी रोह्याच्या शाळेत मराठी शिकवत. त्या आत आल्या, त्यांनी मला निवडले, माझे टोपण काढले आणि माझ्याच टोकाने त्या कागदावरचा 'ण' खोडला.

"हैबतराव, पेणला रेल्वेने जायचे असते. दुकानात मिळते ते पेन."

"गिऱ्हाइकाला कळतंय ना बाई, मंग झालं."

"कळते म्हणून चालते, असे होत नाही."

माझ्या आयुष्याचे पहिले कार्य म्हणजे एक अक्षर खोडणे. मुलाच्या पहिल्या पावलाचे घरात जसे कौतुक होते, तसे त्या खोडण्याचे कौतुक मी स्वतःच वर्षानुवर्षे केले.

पुढे बाई दहावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिकांच्या मॉडरेटर झाल्या. परीक्षकांनी तपासलेल्या उत्तरपत्रिका त्या पुन्हा तपासत. म्हणजे आम्ही परीक्षकांचे परीक्षक. पोलादी अंगातल्या माझ्या रिफिली बदलत गेल्या. ताठा मात्र मूळचाच राहिला. माझे अन्न म्हणजे चूक. निर्दोष उत्तर समोर आले की मला एक बारीकशी खूण करून उपाशी राहावे लागे. त्यामुळे जिथे चूक नसेल तिथे निदान ऱ्हस्व-दीर्घ शोधण्याची सवय मला लागली. या सवयीला मी 'काटेकोरपणा' म्हणत असे. 'भूक' हा शब्द अधिक अचूक होता.

बाई निवृत्त होऊन पेणला राहायला आल्या आणि मी टेबलाच्या खणात आले. आलेल्या लग्नपत्रिकांतील चुका दुरुस्त करून त्या पाठवणाऱ्याकडे परत धाडण्याची बाईंची पद्धत होती. त्यानंतर पत्रिका येणे कमी झाले. दोष टपालखात्याचा असावा, असे आम्हा दोघांचे मत होते.

नऊ वर्षांनी बाईंचा जुना विद्यार्थी हर्षद घरी आला. त्याने बाजारात एका दुकानाच्या माडीवर कार्यालय थाटले होते. अमेरिकेतील एका कंपनीकडून फुटबॉल सामन्यांची चित्रणे तेथे येत, आणि आठ मुले-मुली ती पाहून प्रत्येक डावात प्रत्येक खेळाडूला गुण देत.

"बाई, गुण देणारे आठ आणि तऱ्हा पण आठ," हर्षद म्हणाला. "एकाचा शून्य, दुसऱ्याचा उणे दोन. तुम्ही बोर्डाचे पेपर मॉडरेट केलेत. आमचे करा."

"मला त्या खेळातले ओ की ठो कळत नाही."

"विज्ञानाचं पण कळत नव्हतं, बाई. तरी आमच्या प्रयोगवह्यांतलं शुद्धलेखन तुम्हीच तपासायचात."

बाई हसल्या नाहीत. मी खणात आनंदाने घरंगळले.

तो खेळ मला समजला तो असा. चेंडू फेकणारा एक गडी मागे उभा असतो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गड्यांची फळी असते. समोरचे लोक फेकणाऱ्याच्या अंगावर धावून येतात, आणि तो फेकेपर्यंत, म्हणजे तीनेक सेकंद, फळीने त्यांना थोपवायचे. अशी एक झटापट म्हणजे एक डाव. टाळ्या फेकणाऱ्याला आणि झेलणाऱ्याला. या पाचांची नावे कोणी घेत नाही; घेतलीच, तर काहीतरी चुकले म्हणून. आम्हाला या पाचांचेच गुण तपासायचे होते. नेमलेले काम नीट केले तर शून्य. त्याहून सरस केले तर अधिक एक किंवा दोन, बिघडवले तर उणे एक किंवा दोन.

'नीट केले तर शून्य' हे वाचून मला खेळाची घृणाच आली. सामन्यात चौसष्ट डाव होते. पाचांनीही काम चोख केले, तर मी काय खायचे?

कार्यालयात गुण आधी छापील तक्त्यावर भरत आणि मग संगणकावर चढवत. तक्त्यात दोन रकाने होते: 'नेमलेले काम' आणि 'केलेले काम'. पहिल्याच दिवशी बाईंनी ते वाचले आणि मला उघडले.

"काम, काम. ही पुनरुक्ती आहे. एक रकाना पुरे."

'नेमलेले काम' हा रकाना मी खोडला. रेघ सरळ आली. हैबतरावांच्या काचेनंतर इतके समाधान मला क्वचितच लाभले होते.

त्या आठांत इकरा होती. ती रोह्याजवळच्या खाडीकाठच्या गावातली. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या वर्षी बाईंनी तिला आठवीत शिकवले होते. नागोठण्यातील टायपिंगची नोकरी सोडून ती येथे तीन महिन्यांच्या अजमावणीवर आली होती, आणि नागोठण्याची जागा एव्हाना भरली गेली होती. अजमावणीतला हा तिचा शेवटचा सामना. कार्यालयाचा नियम असा होता, की मॉडरेटरने एका सामन्यात पंधरापेक्षा अधिक दुरुस्त्या केल्या, तर त्या माणसाला कायम करायचे नाही.

मी तेवीस दुरुस्त्या केल्या.

मुख्य भांडण चौऱ्याहत्तर आणि अडुसष्ट या दोघांचे होते. फळीच्या डाव्या टोकाला चौऱ्याहत्तर, त्याच्या शेजारी अडुसष्ट. डावामागून डाव एक आडदांड माणूस चौऱ्याहत्तरच्या खांद्याला घासून आत शिरे. चौऱ्याहत्तर त्याच्यावर झेप टाकी आणि तोंडावर आपटे. इकराने चौऱ्याहत्तरला शून्य दिले होते, आणि जो बिचारा नेटाने उभा दिसत होता, त्या अडुसष्टला उणे दोन.

"नितेश, तुमचे मत?" बाईंनी विचारले. नितेश तेथला सर्वांत जुना परीक्षक, डोलवीकडचा.

"पडला ना तो, बाई. मंग चूक त्याचीच हाय."

"मग. 'मंग' नव्हे."

"मग त्याचीच हाय."

मी चौऱ्याहत्तरला उणे दोन दिले आणि अडुसष्टचे उणे खोडून शून्य केले. समासात 'निष्काळजीपणा' असे सुवाच्य लिहिलेही. जो उभा तो शहाणा, जो पडला तो ढ. वर्गात मी असेच निवाडे केले होते, आणि तेथे मला कोणी प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हर्षदने इकराला बोलावले. तो वरमलेला होता. "इकरा, तेवीस झाल्या. नियम मीच केलाय, मला मोडता येत नाय."

इकराने तक्ता हातात घेतला. तिने तो शेवटपर्यंत वाचला आणि ती बाईंकडे वळली.

"बाई, एक विचारू? रागावणार नाय ना?"

"'नाही ना.' विचार."

"आमच्याकडं भातशेताला खाडीचा बांध असतो. तो फुटून भगदाड पडलं की आम्ही खांड गेली म्हणतो. बांधाचा हिस्सा घरटी वाटून दिलेला असतो. खांड गेली की सगळे पाणी शिरलं त्या शेताकडं धावतात. माझे आजोबा उलट बांधाकडं चालायला लागायचे. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला पाणी दिसत नाय. ते म्हणायचे, पाणी कुठं शिरलं ते आंधळ्याला पण कळतं, खेकड्याचं बीळ कुणाच्या हिश्शात होतं ते मला बघू द्या."

"दृष्टान्त चांगला आहे. पण त्याचा येथे संबंध?"

"तुम्ही पाणी शिरलं त्या शेताला उणे गुण दिलेत, बाई. बीळ अडुसष्टच्या हिश्शात हाय."

नितेश म्हणाला, "अगो, पण तो तर उभा हाय."

"उभाच हाय. चुकीच्या जागी उभा हाय. प्रत्येकाला आपल्या डावीकडची फट राखायला सांगितलेली. चौघांचं पहिलं पाऊल डावीकडं पडतं. ह्याचं एकट्याचं उजवीकडं. मग दोघांमधली फट उघडी पडते, आणि चौऱ्याहत्तर आपली सोडून ह्याची बुजवायला धावतो. म्हणून पडतो."

"हे त्यांना सांगितले होते, हे तुला कसे कळले?"

इकराने तक्त्यावरच्या खोडलेल्या रकान्यावर बोट ठेवले. "चौघांच्या पायांवरून. ते लिहायलाच तर हा रकाना होता, बाई. नेमलेलं काम. तुम्ही खोडलात."

पुनरुक्ती नव्हती ती. नेमलेले आणि केलेले यांतले अंतर मोजायचे, हेच तर सारे गुणांकन. आणि दोन्हींत 'काम' हा शब्द आहे म्हणून त्यांतले एक मी कापून टाकले होते.

बाई उठल्या. त्यांनी एक पुठ्ठा घेतला आणि संगणकाच्या पडद्याचा वरचा भाग झाकला. आता खेळाडूंची धडे, शिरस्त्राणे, झेप, पडणे, काहीच दिसत नव्हते. दिसत होते ते दहा पाय. वादातले नऊ डाव बाईंनी प्रत्येकी तीनदा पाहिले. सात डावांत आठ पाय डावीकडे आणि दोन उजवीकडे. दोन डावांत मात्र चौऱ्याहत्तरच खरोखर उशिरा हलला होता.

"या दोन ठिकाणी तू चुकली आहेस," बाई म्हणाल्या.

"व्हय, बाई."

"'होय.' आणि सात ठिकाणी मी."

हे वाक्य मी बाईंच्या तोंडून पूर्वी ऐकले नव्हते. मॉडरेटरची खूण अंतिम असते. तिच्यावर खूण करायला आणखी कोणी नसते. बाईंनी मला उघडून तक्त्यावर टेकवले आणि मी उमटले नाही. भावना दाटून आल्या, असे लिहायला मला आवडले असते. खरे कारण एवढेच, की पंख्याच्या वाऱ्याने माझे टोक सुकले होते. बाईंनी समासात मला चार वेळा गिरगटवले, तेव्हा मी वठणीवर आले.

सात डाव, प्रत्येकी दोन खेळाडू: माझ्या चौदा दुरुस्त्या मी खोडल्या. प्रत्येक ठिकाणी माझ्या लालवर माझेच लाल आले, आणि ते वाचणे कठीण झाले. 'निष्काळजीपणा' हा शब्द बाईंनी खोडला नाही. त्याच्याखाली 'मॉडरेटरचा' असे लिहिले. उरल्या नऊ दुरुस्त्या. त्यांतली एकही बाईंनी इकरासाठी सैल केली नाही. एके ठिकाणी तर 'उणे एक' हा आकडा तिने पुसट लिहिला, म्हणून तिला ऐकून घ्यावे लागले.

त्याच दुपारी बाई, हर्षद, नितेश आणि इकरा असे चौघे एकत्र बसले. ठरले आणि लिहून काढले ते असे. 'नेमलेले काम' हा रकाना तक्त्यात परत घ्यायचा, आणि तो भरल्याशिवाय कोणालाही उणे गुण द्यायचा नाही. काम कोणते होते ते कळत नसेल, तर तसे लिहायचे. अंदाजाने दोष द्यायचा नाही. मॉडरेटरची दुरुस्ती चुकीची ठरली, तर ती मॉडरेटरच्या नावावर मांडायची. इकराला कायम करायचे. हर्षदने सर्व मुद्द्यांना लगेच होकार दिला. "पण पडणाऱ्याला निदान उणे अर्धा तरी," अशी नितेशची सूचना होती. ती कोणी उचलून धरली नाही, आणि मग त्यानेही संमती दिली. इकराने वाचून, एक अनुस्वार दाखवून, सही केली. तो अनुस्वार खरोखरच राहिला होता.

शेवटचा मुद्दा बाईंनी स्वतः मांडला: पहिले वाचन शिसपेन्सिलीने करायचे, लाल पेन दुसऱ्या वाचनालाच उघडायचे. इकराने अनुमोदन दिले. माझे मत कोणी विचारले नाही. परंतु ठरावाखालची बाईंची सही माझ्याच शाईत आहे. तेव्हा माझीही संमती होती, असे समजावे.