पूजेतलं मॉड्यूल

सुमित्राकाकीच्या दोन्ही किडन्या निकामी होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत तिला वाशीच्या हॉस्पिटलात डायलिसिसला पोचावं लागे. गाव उरणच्या अलीकडे. एसटीत तिला बसवत नसे, म्हणून तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, कमळाकरदादाने, गाडी घेतली होती. कार्बोरेटर नसलेली, नव्या फ्युएल इंजेक्शनची. १९९९ साली गावात तशी ती एकच होती.

सप्टेंबरात ती रस्त्यात बंद पडू लागली. इंजिन तापलं की बंद, वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की सुरू. तुर्भ्याचे मेकॅनिक सयाजी पवार म्हणाले, इंजिनाचं कंट्रोल मॉड्यूल गेलंय. किती पेट्रोल सोडायचं आणि ठिणगी कधी पाडायची हे ठरवणारं सर्किट एका चपट्या डबीत असतं, ते. नवीन यायला तीन आठवडे लागणार होते.

मी महाप्याच्या एका कंपनीत तापमान-नियंत्रकांची सर्किटं दुरुस्त करायचे. सयाजींनी काढून दिलेली ती डबी दादा रुमालात बांधून माझ्या सानपाड्याच्या घरी घेऊन आला.

"सुचे, तुजा शिक्षन काय कामाचा हाय ता आज दाखव," तो म्हणाला.

डबी उघडून मी भिंगाखाली पाहिलं. एका ट्रान्झिस्टरच्या पायाभोवती सोल्डरच्या जोडाला केसाएवढी गोल चीर होती. धातू तापला की प्रसरण पावतो, चीर रुंदावते, प्रवाह तुटतो. थंड झालं की पाय पुन्हा टेकतो. मी दादाला हे कागदावर काढून समजावलं. तो शाळेतल्यासारखा मान हलवत राहिला.

"म्हंजे वीस मिंटा थांबला का चालू होते, ती याच्यामुले?"

"हो. तोवर घाई करायची नाही. थांबायचं."

तो पाय मी पुन्हा सोल्डर केला. तासभर हेअर ड्रायरने तापवून पाहिलं. प्रवाह तुटला नाही. हे तात्पुरतं आहे, नवीन आलं की बदलून घ्यायचं, असं मी दोनदा बजावलं. डबी परत बसवायला सयाजींनी गाडी दिवसभर ठेवून घेतली. पण त्यानंतर ती एकदाही न थांबता पाच फेऱ्या वाशीला जाऊन आली, तेव्हा मला बरं वाटलं हे खरं आहे. काकी सगळ्यांना सांगत सुटली, की पोरीने डागदरासारखं ऑपरेशन केलं.

नवीन मॉड्यूल आलं ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, रविवारी. दादाने ते घरी आणलं आणि शेजारच्या फोनवरून मला कळवलं. सयाजींनी गॅरेजातली सगळी हत्यारं धुऊनपुसून पूजेला काढली होती. "नवमीला मांडलेला पाना दसरा झाल्याबिगर उचलत न्हाई आपण. बुधवारी सकाळी गाडी आणा, दिवसभर ठेवावी लागंल," असं त्यांनी सांगितलं होतं. मंगळवारी दसरा होता आणि मंगळवारीच डायलिसिस.

"तू केलेला काम दोन दिस टिकल ना गो?" दादाने विचारलं.

मी म्हणाले, "टिकेल."

मला हे ठाऊक नव्हतं. मी फक्त उष्णता तपासली होती. गव्हाण फाट्यावरच्या कंटेनरच्या ट्रेलरांनी खणलेल्या रस्त्यावर गाडी किती हादरते, ते मी टेबलावर तपासू शकत नव्हते. हे मी त्याला सांगायला हवं होतं.

सोमवारी मी जेवायला गावी गेले. देवघरापुढे पाटावर कोयता, विळी, दादाची पान्यांची पेटी आणि मधोमध ते नवीन मॉड्यूल मांडलं होतं. त्यावर हळदकुंकू, झेंडूचं फूल. काकी खुर्चीत बसली होती. पाय सुजले होते.

"त्या डबीला कनाला पुजतंव?" ती म्हणाली. "पुजायचा त माज्या रगताच्या मशिनीला पुजा. तीच खरी देवी हाय."

सगळे हसले. दादा म्हणाला, "आये, पानी कमी पी."

"सनाला पन मोजून पानी? त्यापरीस सुचे, तू माजी किडनीच काढून चिकटव. गारी जमली, ही बी जमल."

मॉड्यूल माझ्यापासून हातभर अंतरावर होतं आणि ते काढायला-बसवायला लागणारा दहा नंबरचा पाना त्याच्याच शेजारी. पुढे व्हावं, दोन्ही उचलावं आणि डबी बदलून टाकावी, असं एकदा मनात आलं. पण घर माणसांनी भरलेलं होतं, आणि मी पूजेतलं हत्यार उचलणारी शिकलेली मुलगी ठरले असते. शिवाय माझ्या जोडावर माझा विश्वास होता. मी पुरणपोळी खाऊन परत आले.

दसऱ्याच्या सकाळी गव्हाण फाट्याच्या पुढे गाडी बंद पडली. गाडीत काकी आणि दादा दोघेच होते. सणामुळे रस्ता रिकामा, रिक्षा नाही. दादा घाबरला नाही. त्याने घड्याळ पाहिलं आणि थांबला, कारण थांबायचं असतं हे मी त्याला कागदावर काढून दाखवलं होतं. वीस मिनिटांनी किल्ली फिरवली. सुरू झाली नाही. आणखी वीस मिनिटं थांबला. मग आणखी वीस. काकीला धाप लागली, तेव्हा तो ट्रेलरांना हात करू लागला. एक भाजीचा टेम्पो थांबला. ते वाशीला पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. पोटॅशियम खूप वाढलं होतं, फुप्फुसात पाणी झालं होतं. मशीन जोडायच्या आधीच काकीचं हृदय थांबलं.

सुतकात देवघराला कोणी हात लावला नाही. मॉड्यूल तिथेच राहिलं.

तेराव्यानंतर दादाने मला बोलावून घेतलं. त्याला गाडी विकायची होती आणि बंद गाडी कोण घेणार? "सयाजीकरं ओढून न्यायला नको. तुला जमल का?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले.

गाडी अंगणात उभी होती. भर दुपार. मी बॅटरीची ऋण वायर सोडवली. पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या मॉड्यूलचे चार बोल्ट काढले, कनेक्टरची खिटी वर करून तो ओढून घेतला, जुनी डबी बाजूला ठेवली, नवी बसवली, कुंकू पुसलं, बोल्ट आवळले, वायर जोडली. दादा शेजारी उभा राहून पाहत होता.

"किल्ली फिरव," मी म्हणाले.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

दादा गाडीतून उतरला. त्याने बॉनेटखाली वाकून पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"झाला?"

"झालं."

"यवराच?" तो म्हणाला. "सयाजी बोलला, दिवसभर गारी ठेवावी लागल. म्हनून मी बुधवारचा धरला. हा त पाव तासाचा काम."

मी पाना पुसून पेटीत ठेवला.

"तुला माहीत होता? नवमीला जेवाला आलीस तवा?"

"हो."

त्याने मला शिवी दिली असती तर मी ती घेतली असती. तो पायरीवर जाऊन बसला.

जुनी डबी मी तिथेच उघडली. भिंग जवळ होतं. मी सोल्डर केलेला जोड शाबूत होता. त्याच्या शेजारचा पाय मुळापासून सुटला होता. तो मी तेव्हा केलाच नव्हता. त्याला चीर दिसत नव्हती म्हणून.

"तुजाच काम सुटला का?" दादाने पायरीवरून विचारलं.

"नाही, पण शेजारचा सुटला. तोही तेव्हाच करायला हवा होता. माझ्या लक्षात आलं नाही. आणि दोन दिवस टिकेल, हेही मी न तपासता बोलले होते."

वहिनी दारापर्यंत येऊन आत गेली. इंजिन चालूच होतं. तापमानाचा काटा मधल्या खुणेपर्यंत चढला, पंखा सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. मी किल्लीकडे हात नेला.

"राहू दे," दादा म्हणाला. "तापू दे तिला."

मी हात मागे घेतला. आम्ही दोघं उन्हात तिच्यासमोर बसून राहिलो. पाऊण तास झाला, तरी ती बंद पडली नाही.