ड्यूटीवरचा लाडू

लाडू कोणाच्याही हातचं खात नाही, ही गोष्ट इंदौरात कोणाला सांगून पटत नव्हती.

लाडू म्हणजे शाळेतला लॅब्रॅडोर. चांगला शिकवून तयार केलेला. अंगावर निळं जॅकेट चढलं की तो तिसरीतल्या ईशाचा. तिची कुबडी पडली की उचलून द्यायची, उतारावर तिच्या बाजूने चालायचं, मधल्या सुट्टीच्या धक्काबुक्कीत पोरांच्या आणि तिच्या मधे आडवं उभं राहायचं. जॅकेट असेपर्यंत खाणं बंद. कुमुदिनी टीचरने तशी पाटीच लावली होती. लोक पाटी वाचून हळहळायचे आणि खिशातून शेव काढायचे. पत्ता विचारणाऱ्याला आधी पोहे खाऊ घालणारं गाव हे. इथे असल्या पाट्यांना कोण विचारतो!

ईशाची आई शमिका मात्र त्या पाटीला मनोमन हात जोडायची. लाडू येण्याआधी ती शाळा सुटेपर्यंत वर्गाबाहेर बाकावर बसून असायची. कुबडी पडली की उठायचं, उचलून द्यायची, परत बसायचं. पोलोग्राउंडच्या कारखान्यातली ऑफिसची नोकरी त्यापायी सुटली. तिसरीची सगळी पुस्तकं तिला पाठ झाली होती आणि पोरं ईशाला विचारायची, "तेरी मम्मी फेल हो गई थी क्या?" लाडू ट्रायलवर आला आणि जुन्या साहेबांनी शमिकाला परत बोलावून घेतलं. आता ट्रायल संपली होती. लाडू राहणार की शमिका पुन्हा बाकावर, हे आज दादासाहेब ठरवणार होते.

दादासाहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष श्रीकृष्णराव. पणजोबा होळकरांच्या कचेरीत होते आणि दादासाहेब अजून त्यांच्याच रुबाबात खुर्चीत बसत. मीटिंग अर्थातच पोहे-जलेबीने सुरू झाली. शमिका ताटली तशीच धरून लाडूकडे बघत होती.

लाडूने काम चोख केलं. ईशाने मुद्दाम कुबडी पाडली, त्याने उचलून दिली. पेन्सिल पाडली, तीही दिली. "वा भिया! गजबच आहे हा!" दादासाहेबांनी खूश होऊन ताटलीतली सर्वांत मोठी जलेबी त्याच्या नाकापुढे धरली. "ले बेटा, खा."

लाडूने मान फिरवली.

"अरे, गरमागरम आहे. ले ले."

लाडूने दुसऱ्या बाजूला मान फिरवली.

"सर, तो ड्यूटीवर आहे," कुमुदिनी टीचर चाचरत म्हणाली.

"मग मी काय पिकनिकला आलोय? मी पण ड्यूटीवरच खातोय ना!" दादासाहेबांचा चेहराच पडला. "माझ्या हातची जलेबी आजपर्यंत कोणी नाकारली नाही. शुगरवालेसुद्धा चुपचाप खातात. याला काही अपनापनच नाही. असा अकडू प्राणी आपल्या शाळेत नको."

इतका गुणी कुत्रा, आणि गुणानेच त्याचा घात केला! खा रे बाबा, एकदाच बिघड, असं शमिकाला ओरडून सांगावंसं वाटलं.

"दादाजी," ईशा म्हणाली, "तुम्ही त्याचं जॅकेट खोला ना. मग पूछून बघा."

दादासाहेब खुर्चीतून उठले. गुडघे कुरकुरले, पण गडी खाली बसला. त्यांनी पट्टा सोडला, जॅकेट बाजूला केलं, आणि पुढच्या क्षणी जलेबी गायब झाली. पाठोपाठ ताटली साफ. मग लाडूने पुढचे दोन्ही पाय दादासाहेबांच्या पांढऱ्याशुभ्र झब्ब्यावर ठेवले आणि त्यांना कानापर्यंत चाटून काढलं. कुमुदिनी टीचर "बस, बस!" करत धावली.

दादासाहेब जमिनीवर बसल्या बसल्या गदगदून हसत होते. "हां! अब हुई ना बात! पर्मनंट करून टाका याला. आणि रोज शाळा सुटली की थोडा वेळ जॅकेट उतरवत जा, बिचाऱ्याला जिवाला मोकळीक नको?"

घंटा झाली. ईशाने जॅकेट चढवलं तसा लाडू मिशांना पाक असतानाही एकदम गंभीर झाला. शमिका सवयीने दोघांच्या मागोमाग वर्गापर्यंत गेली.

"मम्मी, तू जा ना," ईशा पुढे चालता चालता म्हणाली. "ऑफिसला लेट होशील."

हे एक वाक्य ऐकायला शमिका किती तरसली होती! आणि आता ऐकल्यावर तिला रडूच कोसळलं. पोरीने एकदा तरी मागे वळून बघावं म्हणून ती दारात घुटमळली. पण ईशा लाडूशी बोलण्यात गुंग होती. तिने काही वळून पाहिलं नाही.