पाण्याव्यतिरिक्त काही टाकू नये

फोनवरच्या गटाचा नियम एकच होता आणि तो अक्षदानेच लिहिला होता: पाणी, पाऊस आणि रस्ता, याव्यतिरिक्त काही टाकू नये. महाडच्या बाजारात पाणी शिरलं त्या वर्षी तिने हा गट उघडला. औषधाच्या दुकानात काम करून, घर सांभाळून ही राखण ती फुकट करायची आणि शिव्याही फुकटच खायची. लोकांना काय! पोलादपुराहून कोणी पावसाची खबर टाकली की तिच्याखाली लगेच कुणाच्या वाढदिवसाचा केक यायचा, मग गुलाबाची फुलं, मग विकायला काढलेली मोटारसायकल. अक्षदा एकेक उचलून बाहेर फेकायची.

तुडीलची खबर तिच्या माहेरून यायची. तुडील सावित्रीच्या खालच्या अंगाला. तिथे भरती चढली की महाडचं पाणी उतरायचं नाव घेत नाही, म्हणून बाजार तुडीलकडे कान लावून असायचा. माहेरी फोन एकच, वडिलांच्या, सोनबांच्या नावावरचा. पण बोलायची तिची आई, बनुबाई. नदीवर जायची, पाणी बघायची आणि फोन तोंडाशी धरून पलीकडच्या काठाला हाक मारावी तशी ओरडायची, "तुडील. पानी धुन्याच्या दगडाला लागलं. भरती हाय. अक्षू, जेवलीस का गो?"

शेवटचं वाक्य नियमात बसत नव्हतं. गटातले लोक हसायचे, "काकू, आम्हीपण जेवलो" असं लिहायचे, आणि अक्षदाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"आय, ते गटावर नको विचारूस," ती सांगायची.

"मंग कदी विचारू? फोन केला का तू दुकानात असतीस."

ते वाक्य राहिलं. दुसऱ्यांचे केक उडवणाऱ्या अक्षदाने आईचा प्रश्न कधी उडवला नाही.

गेल्या माघात बनुबाई गेली. ताप आला, अंगावर काढला, आणि काढता काढता बाई हातची गेली. सोनबा रडले नाहीत. ते ओट्यावर बसून फोन कानाला लावायला शिकले. गटात वर वर सरकत जायचं, बनुबाईचा आवाज शोधायचा आणि ऐकायचा, एवढंच त्यांचं काम. पण म्हाताऱ्याची जाड बोटं. नवे संदेश येत राहायचे, बनुबाई वर वर जायची, आणि शोधताना त्यांच्या नाकी नऊ यायचे. मग गावातल्या कुणीतरी त्यांना युक्ती दाखवली: तोच संदेश पुन्हा गटात पाठवा, म्हणजे तो तळाला येतो, पटकन सापडतो. सोनबांना हे फार आवडलं. रणरणत्या वैशाखात गटावर बनुबाई ओरडायला लागली, पाणी चढलं, भरती हाय. जुने लोक समजून गप्प बसले. अक्षदाने ते संदेश काढले आणि फोन करून वडिलांना समजावलं. ते "बरं" म्हणाले आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

श्रावणात एका दुपारी पाऊस धो धो कोसळत होता आणि सोनबांना बनुबाईची आठवण आली. त्यांनी तिचा सगळ्यात मोठ्या पुराचा संदेश तळाला आणला. "तुडील. पानी वडाच्या पारावर चढलं. आता थांबत नाय." नव्या सदस्यांना ही बाई वारलेली आहे हे कुठे ठाऊक? बाजाराने धसका घेतला. कापडवाल्या अरविंदने गठ्ठे माळ्यावर चढवले. शेजारच्या कमळाबाईंना खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून वर नेलं. मागच्या पुरात त्या एकट्या अडकल्या होत्या. वर नेईपर्यंत त्या लहान पोरासारख्या रडत होत्या. संध्याकाळी नदी होती तिथेच होती.

अरविंदने गटावरच लिहिलं, "आमचा एखादा फोटो चुकला तर लगेच काढता. वडिलांना वेगळा नियम आहे का, अक्षदाताई?"

खाली अंगठ्यांची रांग लागली. अक्षदाला तोंड दाखवायला जागा उरली नाही. खरं तर तिला रागही आला होता, वडिलांचा आणि त्याहून स्वतःचा. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना, एका हातात खोकल्याची बाटली धरून, तिने सोनबांच्या नावावर बोट दाबलं. सदस्याला काढायचं का? हो. त्याचे सगळे संदेशही काढायचे का? कटकटच मिटू दे, म्हणून तिने तिथेही हो केलं.

गिऱ्हाईक गेलं. अक्षदाने सहज गट वर सरकवला. तुडील नव्हतं. एकाही पावसाळ्यात तुडील नव्हतं. फोन सोनबांचा, नाव सोनबांचं, आणि त्या नावाखाली आई होती. तिने आईचा एक शब्द कधी दुसरीकडे ठेवला नव्हता. कशाला ठेवील? ते तिथेच तर होतं.

दुसऱ्या दिवशी ती तुडीलला गेली. सोनबा ओट्यावर फोन पुसत बसले होते.

"बरी आलीस, अक्षू. बिघडला बग ह्यो. तुजी आय बोलत नाय."

अक्षदाने वाटेत बरंच काही ठरवलं होतं: नेट नाही म्हणावं, फोन जुना झाला म्हणावं. त्यांच्यासमोर ते काही जमेना.

"बिघडला नाय, बाबा. मी काढलं."

"सगलं?"

"सगळं."

"ते धुन्याच्या दगडाचं?"

"तेपण."

"आनि पानी सांगता सांगता म्हनते, भाकर करपली गो बाय, ते?"

अक्षदाने मान हलवली. सोनबांनी फोनची काळी काच पुन्हा एकदा पुसली. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, तिचं येगलं असंल. बोलायची ती. माजं नाव कसं लागलं त्याला?"

ती रडायला लागली. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात तिला रागवण्यापेक्षा जड झाला.

"परत घेशील का मला गटात?" त्यांनी विचारलं. "काय बोलायचं आनि काय नाय, तेवडं नीट सांग. म्हंजे पुन्ना तुला तरास नको."

तिने त्यांना परत घेतलं. नियम मात्र तिला तोंडाने सांगवेना, तो त्यांनी स्वतःच अक्षरं लावत वाचला.

संध्याकाळी ती महाडच्या घरी पोचली तेव्हा पाऊस धरून होता. ताट वाढून ठेवलं होतं, पण तिला घास जाईना. फोन वाजला. गटावर तुडीलचा नवा संदेश होता. तिने तो कानाशी धरला.

"तुडील. पानी धुन्याच्या दगडाच्या खाली. भरती नाय."

पुढे बटण दाबलेलंच होतं. नदी वाजत होती. सोनबांचा श्वास ऐकू येत होता, काहीतरी ओठांशी आल्यासारखा. अक्षदा थांबून राहिली. मग संदेश संपला. तिने पुन्हा लावला, पुन्हा तेवढाच होता.

खाली अरविंदने लिहिलं होतं, "धन्यवाद काका, अशीच माहिती देत जा."

नियमाला धरून अगदी चोख संदेश होता. अक्षदा जेवली नव्हती, आणि तिला कोणी विचारलं नव्हतं.