मस्टरवरचा मेलेला माणूस

खळ गार व्हायच्या आत पुठ्ठे चिकटवायचे असतात, म्हणून दुपारी बाइंडिंगच्या त्या कारखान्यात कुणी मान वर करत नसे. दोघे गडी कटिंग मशीनवर, तिघी बायका खाली तरटावर बसून वह्या शिवत, चिकटवत. कोपऱ्यातल्या टेबलाशी मालकांची सून कागदपत्रं बघायची. तिची तीन वर्षांची लेक पायाशी कात्रणांत खेळत होती. सुनेचा एक डोळा कागदावर, दुसरा मशीनच्या पात्यावर. लेक झाल्यापासून तिला जिथे तिथे पातीच दिसत.

आज समोर विम्याचे दोन कागद होते. चार दिवस खपून तिने तुलना केली होती. एकेकट्याचा विमा काढावा, तर सासऱ्यांचं वय आणि साखर बघून हप्ता आभाळाला टेकलेला. वर जुन्या दुखण्यांसाठी तीन वर्षं थांबा. कारखान्याचा एकत्रित घेतला, तर माणशी हप्ता निम्म्याहून कमी आणि जुनी दुखणी पहिल्या दिवसापासून आत. अट एवढीच की माणसं किमान सात हवीत आणि ती खरोखर तिथे कामाला हवीत.

सासरे खूश होते. त्यांनी हजेरीचं मस्टर पुढे ओढलं. "घे लिहून. मी, चिरंजीव, मशीनवरचे दोघं. झाले चार. आता हे खालचे तीन."

तिने मस्टरवरची ती तीन नावं पाहिली आणि पेन थांबलं. तिन्ही पुरुषांची होती. कारखान्याची रीतच तशी. काम बायकांनी करायचं, पगारही त्यांनीच घ्यायचा, पण मस्टरवर नाव नवऱ्याचं. बाई काय, मदतीला येते. मदतीला येणारीला रजा नसते, बाळंतपण नसतं, पगारवाढ तर नसतेच.

"बाबा, यातले एक जण दुसऱ्या गावाला गाडी चालवतात. एक घर सोडून गेलेत. आणि शिलाईमावशींचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली."

"मस्टरवर आहेत ना?"

"मस्टरवर आहेत. माणसांत नाहीत."

मशीनवरचा थोरला गडी हसला. "मेलेला बरा, मालक. आजारी पडायची भीती नाही."

त्यावर तिघींपैकी कुणी हसलं नाही. शिलाईमावशी दोऱ्याला मेण लावत राहिल्या. एकोणीस वर्षं त्या इथे वह्या शिवत होत्या. पंधरा दिवसांपूर्वी नळाशी त्यांनी सुनेचा हात धरून स्वतःच्या काखेशी नेला होता. गोटीएवढी गाठ होती. 'डॉक्टर म्हणतात, महिन्याभरात काढा. मी म्हटलं, पैसे जमले की येते. तर म्हणाले, गाठ थांबायची नाही, बाई.'

चारला विमा एजंट आला. खुर्ची ओढत म्हणाला, "यादी झाली का वहिनी? खाली कागदपत्रं बघणाऱ्याची सही लागेल, यादी खरी आहे म्हणून. मालकांची तर लागेलच."

"करते ती," सासरे म्हणाले.

"मी नाही करणार."

मशीन थांबलं. नवरा आतून कागदाचे गठ्ठे टाकून आला, हळूच म्हणाला, "अगं, कर ना. बाबांच्या साखरेसाठीच चाललंय सगळं."

"त्यांच्याचसाठी म्हणते. इथे रोज सात माणसं येतात, तीच लिहू. हप्ता तेवढाच."

"हप्त्याचं नाही गं," सासऱ्यांचा आवाज चढला. "आज विम्यात नाव गेलं की उद्या रजा मागतील, परवा एकोणीस वर्षांच्या पगाराचा फरक मागतील. तू देणार आहेस का माहेराहून आणून?"

रात्री या घरात कुणी बोलणार नाही, उद्या कदाचित टेबलही राहणार नाही, हे तिला दिसत होतं. लेकीने घाबरून तिचा पदर धरला होता. तिने पेनाला टोपण लावलं.

"मागू देत. मागण्यासारखंच आहे. मेलेल्या माणसाचा विमा उतरवायचा आणि गाठ असलेली बाई मदतीला आली म्हणून सोडून द्यायची, याच्यावर माझी सही होणार नाही."

मावशींच्या हातातली सुई तशीच राहिली. गाठीची गोष्ट कारखान्यात आज पहिल्यांदा कळत होती.

एजंटने घसा खाकरला. "मला आता माहीत झालं, काका. हे असं मी पुढे नेणार नाही. पुढे उघडकीला आलं तर सगळ्यांचीच पॉलिसी रद्द. तुमच्या साखरेसकट."

सासरे खाली बसले. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग मस्टर सुनेकडे ढकललं, तिच्याकडे न बघता.

तिने कोरं पान उघडलं. "मावशी, या. तुमचं नाव लिहा."

खळीचे हात लुगड्याला पुसत मावशी आल्या. पेन धरलं आणि सवयीने नवऱ्याचं नाव लिहून गेल्या. थबकल्या. त्यावर आडवी रेघ ओढली, आणि खाली, पहिलीतल्या मुलीसारखं, एकेक अक्षर जोडत स्वतःचं लिहिलं. मागोमाग उरलेल्या दोघी आल्या.

"झाले सात," सासरे पुटपुटले. "आता तरी कर सही."

"आठ, बाबा. टेबलाशीही एक बाई मदतीला येते." तिने शेवटी स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली सही केली.

नवऱ्याने मान खाली घातली. पण यादी त्यानेच वडिलांपुढे सरकवली. सासऱ्यांनी सही केली. कागद फाटेल अशी केली, पण केली.

पुढच्या महिन्यात मावशींना दवाखान्यात दाखल करताना नर्सने नाव विचारलं. त्यांनी ते मोठ्याने सांगितलं. शेजारी उभ्या असलेल्या सुनेला वाटलं, एवढं एक नाव लिहायला एकोणीस वर्षं लागली. आणि ही गाठ नसती, तर अजून किती लागली असती? असे किती मेलेले पुरुष किती मस्टरांवर आजही रोज हजेरी लावत असतील?