पाचोडपाशी पुसट झालेली रेघ

मी रेघ बोलतेय. अहो, इकडंतिकडं काय बघताय? नकाशावर बघा, पाचोडच्या उजव्या अंगाला. फोन जरा डोळ्यांजवळ धरा. दिसले ना? तीच मी. छत्रपती संभाजीनगर जिल्हा जिथं संपतो आणि जालना सुरू होतो, तिथली हद्द.

माझा जन्म ठिपक्यांतून झाला. नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरनं ठिपक्याला ठिपका जोडला आणि मी वेडीवाकडी उमटले. जन्मतः मी बारीक, काळपट, केसासारखी. सॉफ्टवेअर सगळ्याच रेघांना असंच जन्माला घालतं. पुढं त्यांचं रूप ठरवायचं ते माणसानं. माझं रूप वैदेहीच्या हातात होतं.

वैदेही शहरातल्या एका छोट्या हवामान केंद्रात इशाऱ्याचे नकाशे करते. वादळ, वीज, गारपीट असलं काही येणार असलं की तिचा नकाशा गावोगावच्या फोनवर जातो. कुठल्या रंगाचा काय अर्थ, हे वरूनच ठरलेलं. पण छटा किती गडद, रेघ किती जाड, गावाचं नाव कुठं, हे सगळं तिचं. आणि काय नजर आहे हो पोरीला! गुलमंडीत साडी घ्यायला गेली तर दुकानातल्या ट्यूबलाइटवर तिचा विश्वास नाही. पदर बाहेर उन्हात नेऊन बघणार. नकाशाचंही तसंच. फोन घेऊन गच्चीवर जायची, भर उन्हात तिरपा धरायची आणि पुटपुटायची, "नारंगी पिवळ्यात मिसळतोय. रानात दिसणार काय डोंबल!" लगेच खाली येऊन छटा बदलायची, की परत गच्ची. मला तिचं भारी कौतुक वाटायचं.

एकदा तिचे साहेब, मंदार सर, म्हणाले, "वैदेही, जिल्ह्याची हद्द दिसतच नाहीये यार. ठसठशीत कर की जरा." तिनं माझी जाडी वाढवली, काळा कुळकुळीत रंग दिला. हद्दीबाहेरचा भाग आपला नव्हे म्हणून तो कोरा, पांढरा ठेवला. काय रुबाब आला मला! खोटं कशाला बोलू, मी हवेतच होते.

फाल्गुनातली दुपार होती. पाचोड ज्यात येतं तो पैठण तालुका नारंगी झाला: गारपीट. नकाशा गेला आणि थोड्याच वेळात वैदेहीचा फोन वाजला. मल्हारराव होते. पाचोडच्या रानात मेंढरं चारणारे हे गृहस्थ. नकाशाखालचा नंबर बघून त्यांनी एकदा फोन केला होता, तेव्हापासून ती त्यांना मामाच म्हणते. मेंढरं हाच त्यांचा सगळा संसार. त्यांच्या कारभारीण बानाबाई तर नवं कोकरू पदराखाली घेऊन चालतात.

"ताई, नकाशा लई बेस झालाय. आमी निघालो बगा."

"कुठे निघालात मामा?"

"रेघंपल्याड. हितं समदं नारंगी हाय, तिकडं पांढरंफेक. एवढा जाड बांध घातलाय तुमी, म्हंजे गारा हितंच ऱ्हानार की!"

वैदेहीनं झटकन रडारकडं बघितलं. रडारवरचा ढग माझ्या दोन्ही अंगांना पसरला होता आणि सरकत होता तो पलीकडंच. तिथं सगळा उघडा माळ. मेंढरांना आडोसा म्हणून एक झाड नाही.

"मामा, मागे फिरा! तो बांध नाही, ती नुसती हद्द..."

फोन कटला. पुन्हा लावला, लागेना. तिनं मान वर करून पडद्यावर माझ्याकडं बघितलं. बाई गं, तसं मला कुणी कधीच बघितलं नव्हतं.

"सर, मी हद्द पुसट करते आणि ढग पलीकडेही दाखवते."

"अगं, पलीकडचा इशारा पलीकडची माणसं देतील. आपण कसा द्यायचा?"

"इशारा नाही देत सर. ढग कुठवर आहे, तेवढंच दाखवते. हे पांढरं बघून मामांसारखे अजून किती जण निघाले असतील!"

मंदार सरांनी रडार बघितलं. मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. "दाखव. ढगाची कड मी तपासतो."

बोटं काय चालली हो तिची! माझी जाडी उतरवली, काळा रंग काढून राखाडी दिला, सलग होते ती तुटक केली. माझ्या अंगावरून, अल्याड-पल्याड, तिरप्या रेघांचा दाट पट्टा ओढला. ती ढगाची वाट. पाचोडचं नाव मोठं केलं आणि खाली लिहिलं, 'बाजाराच्या शेडमध्ये थांबा.' मग सवयीनं फोन घेऊन गच्चीवर धावली. ऊन कुठलं? आभाळ काळवंडलेलं. तरी तिनं फोन तिरपा धरून बघितला आणि तिथूनच नकाशा पाठवला.

पुढं नुसती वाट बघणं. ती फोन लावत राहिली, तो लागत नव्हता. मला माझ्या रूपाचं काही वाटत नव्हतं. त्या मेंढरांचं काय झालं एवढंच मनात येत होतं.

शेवटी फोन आला. आधी नुसता ताशासारखा तडतडाट, मग ओरडणाऱ्या बानाबाई.

"ताई, ऐकू येतंय का? आमी बाजाराच्या शेडात हाय! पत्रा लई वाजतोय! मेंढरं समदी हायती!"

वैदेहीनं विचारलं, "मामा वळले कसे?"

"वळत्यात कसले! जरा रेंज आली आन नवा नकाशा आला, तर रेघ हुडकत हुबे ऱ्हायले. म्हनले, ह्यात बांधच नाय. मंग म्या म्हनलं, बांधच नाय तर गारांना आडवनार कोन? चला मागं!"

वैदेही हसली आणि रडलीही. मंदार सरांनी तिला पाणी आणून दिलं.

तेव्हापासून मी अशीच आहे, फिकी आणि तुटक. नवीन कुणी विचारतं, "ही हद्द दिसतच नाही, जाड करायची का?" वैदेही म्हणते, "तेवढीच दिसू दे." पूर्वीची असते तर रुसून बसले असते. आता तिच्या हातानं पुसट झाले, याचाच अभिमान वाटतो.

तुम्हाला एवढीच विनवणी आहे. आपला जिल्हा कुठवर, ते माझ्यावरून खुशाल ओळखा. पण आभाळ भरून आलं की मला हुडकत उभे राहू नका. ढगाला मी दिसत नाही. तिरपा पट्टा कुठवर आलाय ते बघा, आणि मेंढरं आत घ्या.