न्यांगे आजीच्या कमरेचा दोर

अंधारात दोराला साप समजणारे पुष्कळ भेटले. माझा धंदाच अंधारातला, म्हणून आधीच सांगून टाकतो: साप नव्हे, दोर बोलतोय. घायपाताच्या वाखाचा, तीनपेडी, अंगठ्याएवढा जाड. दोर म्हटलं की लोकांना विहीर आठवते नाहीतर बैल. माझं तारुण्य गेलं ते माणसांना पोटातून नेण्यात. माझ्या नव्हे, डोंगराच्या पोटातून.

माझा जन्म दारेस्सलामच्या उत्तरेला, टांगा नावाच्या बंदराजवळचा. समुद्राची खारी हवा आणि मागे नजर पोचेल तिथपर्यंत घायपात. त्याचं पान म्हणजे तलवार, आणि टोकाला काटा असा की एकदा टोचला की माणूस शेताचा रस्ता बदलतो. ते पान तोडलं, यंत्रात घालून खरवडलं, हिरवा रस गटारात गेला आणि उरला तो मी. मग मला तारांवर वाळत घातलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी दाढ्या धुऊन उन्हात टाकल्यात. पुढे पीळ बसला आणि मी माणसांत आलो.

माणसांत म्हणजे बाजारात, बाजाबेर शेठच्या दुकानात. दारातल्या खिळ्याला लटकून मी जे शिकलो ते शाळेत मिळत नाही. एकदा एका गिऱ्हाइकानं मला ओढूनताणून विचारलं, "शेठ, तुटणार तर नाही ना?" शेठ कॉफीचा घोट घेत म्हणाला, "बाबा, दोर तुटत नसतो, गाठ सुटते. दोर माझा, गाठ तुझी." गिऱ्हाईक हसलं आणि दोर घेऊन गेलं. मला नव्हे, शेजारच्याला.

कारण तोवर निळंगार नायलॉन आलं होतं. लोक त्याचा रंग बघायचे, चकाकी बघायचे. मी आपला कोपऱ्यात धूळ खात पडलेला. शेठ मात्र मला कधी आत टाकत नसे. म्हणायचा, "घेणारा माल बघतो, विकणारानं माणूस बघावा. याचा माणूस येईल."

आला. त्याचं नाव मिहायो. नदीकाठच्या चुनखडीच्या गुहा पाहुण्यांना दाखवायचं त्याचं काम. दाढीत चार पांढरे केस, जीभ काळ्या मिरीसारखी. त्यानं शेठकडून पाणी मागून घेतलं, हात ओले केले आणि आधी नायलॉन धरलं, मग मला. "हे निळं बेणं ओल्या हातातून पळतं," तो म्हणाला, "आणि हा बघा, बोटं धरून ठेवतो." मग दोघांनी भाव करताना एकमेकांच्या बापजाद्यांचा उद्धार केला, दोनदा कॉफी प्याले, आणि मी मिहायोच्या खांद्यावर बसून निघालो.

घरी गेल्यावर त्यानं माझ्या अंगावर गाठी मारल्या. एका गाठीला एक माणूस. पुढे मिहायो बत्ती घेऊन, मागे गाठी धरून पाहुणे. सकाळच्या उन्हात आत शिरायचं आणि दुपारच्या नमाजाच्या सुमारास बाहेर यायचं, असा आमचा अर्ध्या दिवसाचा संसार.

आत काय असतं? दगड, वटवाघळं आणि थेंबाथेंबानं वाढलेले आकार. मिहायो बत्ती फिरवून दाखवायचा: हा हत्ती, ही मशीद, हा कोच. पण माणूस गुहेत दगड बघत नाही, घरून आणलेलंच बघतो. खाटकाला तिथे टांगलेली मांडी दिसे. एका मास्तरांना बाकावर झोपलेला मुलगा दिसला आणि ते त्या दगडावर खरोखर खेकसले. नवीन लग्नाच्या जोडप्यांना काहीच दिसायचं नाही. ती दोघं एकाच गाठीवर हात ठेवून चालायची आणि मी दुसरीकडे बघायचो.

अजून एक पारख मी केली. बाहेर उन्हात जो मोठ्यानं हसतो, तो आत सगळ्यात घट्ट धरतो. मुठी खोटं बोलत नाहीत.

अशाच एका सकाळी न्यांगे आजी आली. हांडेनीकडची, झिगुआ जमातीची. अंगानं चांगली भरभक्कम, इतकी की गाडीतून ती उतरली आणि गाडी वर आली. सोबत दारेस्सलामला नोकरीला असलेला मुलगा बकारी, त्याची बायको आणि बायकोच्या पाठीला बांधलेली नात. नातीचं नाव सिकुधानी. म्हणजे 'मला वाटलंच नव्हतं'. सुनेचे गर्भ पुन्हा पुन्हा पडले होते, त्यानंतरची ही पोर.

गुहेत खोलवर पूर्वजांचं ठाणं आहे. तिथे लोक नवस बोलतात. आजीनंही एका शेजारणीच्या तोंडून निरोप पाठवून नवस बोलला होता: नातवंड झालं तर मी स्वतः येऊन गुलाबपाणी वाहीन, आणि ते वाहेपर्यंत पोराला पाठीवर घेणार नाही. पोर झाली. पण ठाण्याच्या वाटेवर एक बोळ आहे, वाटाडे त्याला 'घसा' म्हणतात. पोटावर सरपटत जावं लागतं. आजीनं त्याची वर्णनं ऐकली होती आणि हे वर्ष नको, ते वर्ष नको करत राहिली होती. आता सिकुधानी धावायला लागली होती. आमच्याकडे आजीची पाठ म्हणजे पोराचं पहिलं गाव, आणि या पोरीनं ते गाव अजून पाहिलं नव्हतं. थोड्या दिवसांनी ती पाठीवर राहायचीच नाही. म्हणून आजी निघाली होती.

दारात तिनं मिहायोला निरखलं. "कुठला रे तू?"

"जन्म इथलाच. आजोबा घायपात तोडायला आले ते राहिले. आम्ही न्याम्वेझी."

आजीनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! एवढ्या वाटाड्यांत माझ्या नशिबी माझाच हमाल आला!"

मिहायोचे डोळे चमकले. "म्हणजे तू झिगुआ? तरीच म्हटलं, आज डोंगरात डोंगर कसा शिरायला निघालाय."

"डोंगर असेन, पण मक्याचा. तुझ्यासारखं वाळकं रताळं नाही!"

रताळी खाणारे न्याम्वेझी पूर्वी ओझी वाहत मका खाणाऱ्या झिगुआंच्या मुलखातून समुद्राकडे जायचे; तेव्हापासून, वाडवडिलांपासून, या दोन जमातींत थट्टेची सोयरीक आहे. अशा सोयऱ्यानं वाटेल ते बोलावं, समोरच्यानं दुप्पट परत करावं. रागावला तो हरला. सोयरा तुमच्या घरातली वस्तू उचलून चालू लागला तरी 'ठेव' म्हणायची सोय नाही. ही थट्टा कुठेच थांबत नाही. थांबते ती एकाच जागी: माणूस शेवटच्या घटका मोजत असेल, तर सोयरा त्याच्याशी गोड बोलतो.

हे बकारीलाही ऐकून ठाऊक होतं, पण शहरात असली नाती फुटबॉलच्या मैदानात एकमेकांच्या संघांना चिडवण्यापुरतीच उरलेली. आजी सुनेकडून गुलाबपाण्याची बाटली आपल्या पदराला बांधून घेत होती, तेवढ्यात त्यानं मिहायोला बाजूला घेतलं. "ओ, तोंड सांभाळा. आई आहे ती माझी. पुन्हा असं बोललात तर तुमच्या ऑफिसात तक्रार करीन."

मिहायोचं घर त्या कामावर चालायचं. त्यानं मान हलवली, 'बरं, साहेब' म्हणाला. आजीला यातलं काही कळलं नाही. सून पोरीला घेऊन दारातच थांबली आणि आम्ही निघालो. मिहायोनं माझं एक टोक आजीच्या कमरेला बांधलं, दुसरं आपल्या. मागे बकारी.

"काय रे हमाला, बत्ती नीट धर," आजी म्हणाली.

"हो, आई. इथे आपण जरा जपून पाय टाका."

आजी थबकली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा खडा टाकून पाहिला. "दात पडले का रे तुझे वाटेत? बोलत नाहीस ते."

"नाही, आई. डावीकडून या. दमलात का आपण?"

माझ्यावरची तिची मूठ घट्ट झाली. मला वाटलं, पायाखाली ओलं आहे म्हणून असेल. दोराची अक्कल किती चालणार?

घसा आला. मिहायो सरपटत पलीकडे गेला आणि बत्ती धरून बसला. आजी 'या अल्ला' म्हणत पोटावर झाली. डोकं गेलं, खांदे गेले, आणि कंबर अडकली. भीतीनं तिनं छातीभर श्वास भरून घेतला. पोट फुगलं. आता पुढेही नाही आणि मागेही नाही.

"मिहायो," ती हळूच म्हणाली, "खरं सांग. फार अडकलेय का?"

"आपण मुळीच काळजी करू नका, आई. आपली तब्येत उत्तम आहे."

झालं! आजीचा बांध फुटला. "बकारी! बकारी रे! मी चालले!"

"आई, काय झालं?"

"काय व्हायचं राहिलंय? न्याम्वेझी मला 'आपण' म्हणतोय! मघापासून म्हणतोय. त्याला माझ्या तोंडावर मरण दिसलंय, म्हणून थट्टा सोडली त्यानं. बकारी, काळी शेळी बहिणीला दे. बायकोशी भांडू नकोस. आणि पोरीला सांग, आजीनं तुला पाठीवर घेतलं नाही ते प्रेम कमी म्हणून नव्हे…"

असं म्हणून ती कलमा पढायला लागली, आणि प्रत्येक शब्दाआधी एवढा मोठा श्वास घेई की दगडाला ती आणखीच घट्ट बसत होती. बकारीला मागून दिसत होते ते फक्त आईचे तळपाय. एवढा शिकलासवरला माणूस. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला.

"मिहायोमामा! अहो, बोला ना तिला काहीतरी!"

"बोलतोय की साहेब. आदरानं बोलतोय."

"आदर गेला खड्ड्यात! शिव्या द्या! आईला माझ्या शिव्या द्या हो, पाया पडतो!"

"ऑफिसात…?"

"ऑफिसचं नाव काढू नका!"

मिहायोनं बत्ती खाली ठेवली, मला दोन्ही हातांनी आवळलं आणि घसा साफ केला. स्वतःचा.

"ए झिगुआ! ही मरणाची नाटकं तुझ्या मक्याच्या शेतात कर. हे माझं दार आहे! तू इथे मेलीस तर मला काही तोटा नाही. उद्यापासून पाहुण्यांना हत्ती दाखवायचा कंटाळा आला की तुला दाखवीन. 'हा बघा झिगुआ दगड. नवीनच तयार झालाय. हात लावू नका, कुरकुरतो.'"

कलमा थांबला.

"वर्षाला इतका इतका वाढतो म्हणून सांगीन. थेंब पडायची गरज नाही, नुसत्या घुगऱ्यांवर वाढतो!"

आधी एक बारीक फुसफुस ऐकू आली. मग तिच्या पोटात काहीतरी हललं. ते मला कमरेपाशी सगळ्यात आधी कळलं. आणि मग आजी हसली. अशी हसली की वटवाघळं उठली. "मेल्या… रताळ्या… दगड म्हणतोस…"

हसताना माणूस श्वास धरून ठेवू शकत नाही. पोट आत गेलं. मिहायोनं ओढलं, बकारीनं तळपाय ढकलले, माझा पीळ कुरकुरला, एक पेड कमरेपाशी तटकन तुटला, आणि आजी तेलाच्या बाटलीचं बूच निघावं तशी पलीकडे मिहायोच्या अंगावर जाऊन पडली.

"ऊठ गं बाई," खालून मिहायो म्हणाला, "आता मी मेलो."

ठाण्यापाशी आजीनं गुलाबपाणी वाहिलं. बाटली उपडी करून शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवली आणि म्हणाली, "घ्या. मी आले." परत येताना घशात ती स्वतःच आधी हसत सुटली, आणि सुरळीत बाहेर आली.

दारात सून उभी होती. आजीनं हातपायही धुतले नाहीत. ती वाकली, सुनेनं पोरीला तिच्या पाठीवर ठेवलं, वरून रंगीत कापडाची गाठ बसली. सिकुधानीनं आजीच्या पाठीला गाल लावला आणि झोपून गेली, जणू ही जागा तिला आधीपासून ठाऊक होती. बकारी नदीकडे तोंड करून नाक शिंकरत होता.

मिहायोनं मात्र वसुली सोडली नाही. गाडीतली संत्र्यांची पिशवी त्यानं सरळ उचलली. "झिगुआला जन्म दिला आज मी. सुईणीचा मान!"

"घे," आजी म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

"अगं, माझा दोर! कमरेलाच आहे की तुझ्या."

"तुझा? माझ्या कमरेला आहे तो तुझा कसा? तू माझी संत्री उचललीस, मी तुझा दोर उचलला. ठेव म्हणून दाखव!"

मिहायोचं तोंड बघण्यासारखं झालं. पुढची मंडळी तिकिटं घेऊन उभी होती. पण सोयरीक म्हणजे सोयरीक. तो संत्रं सोलत, शिव्या हासडत उभा राहिला आणि गाडी निघाली.

तेव्हापासून मी हांडेनीकडे, आजीच्या अंगणातल्या फणसाला. सिकुधानीचा झोका आहे मी. वर्षातून एकदा मिहायो मला परत न्यायला म्हणून येतो, पोटभर मक्याच्या घुगऱ्या खातो, त्यांना नावं ठेवतो आणि हात हलवत परत जातो. खरं सांगू? मला गुहा आठवते. तिथला गारवा, ओले हात, माझ्या आधारानं एकामागून एक चालणारी माणसं. झोका म्हणजे म्हातारपणाची पेन्शन, काम ते कामच.

पण माझ्या परतीची एक अट आहे. आमच्याकडे माणूस गेलं की थट्टेचा सोयरा येतो आणि खणलेल्या कबरीत आडवा होतो. काही घेतल्याशिवाय उठत नाही. रडणाऱ्यांनाही हसू येतं, आणि मगच मातीला वाट मिळते. परवा आजीनं बकारीला जवळ बसवून सांगितलं, "मी गेले की मिहायोला बोलाव. तो आत झोपून आरडाओरडा करील. बाकी काही दिलं तरी उठायचा नाही. त्याला हा दोर दे."

म्हणून तुम्हाला एक विनवणी. टांगाकडे गेलात, नदीकाठच्या गुहेत शिरलात, तर काळ्या मिरीच्या जिभेच्या त्या वाटाड्याला माझा निरोप द्या. म्हणावं, दोर खुशाल आहे. त्याला गुहेची ओढ आहे, तुझीही आहे. पण उन्हापावसानं त्याचा दुसरा पेडही सुटत आलाय, आणि तो म्हणतो, सुटू दे. आजीच्या आधी तोच इथे फणसाखाली झिजून संपला आणि तुला द्यायला काही उरलं नाही, तरी त्याला चालेल. तू मात्र दरवर्षी मागायला येत जा.