अडीच लिटर जास्त

आमच्या रोपवाटिकेतला छोटा ट्रॅक्टर कागदावर कुणाच्याही नावे असो, त्याची किल्ली बाबांच्या शर्टाच्या खिशात असते. बाबा म्हणजे माझे सासरे. शर्ट धुवायला पडला की किल्ली पायजम्यात जाते, आणि दोन्ही धुवायला पडले तर उशीखाली. भिंतीवर तिच्यासाठी मुद्दाम खिळा ठोकलेला आहे. ट्रॅक्टर आल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्या खिळ्यावर फक्त कॅलेंडर लागलं.

महिन्यापूर्वी बाबांनी ट्रॅक्टर मागे घेताना अंगणातला नळ मुळासकट उखडला. नळ चुकीच्या जागी होता, असं त्यांचं म्हणणं. नळ त्या जागी बावीस वर्षं होता, असं माझ्या नवऱ्याचं. तेव्हापासून दोघांची धुसफूस चालू होती. मग ऑइल बदलायची वेळ आली. आमच्या ट्रॅक्टरात गिअरबॉक्सला आणि हायड्रोलिकला एकच ऑइल लागतं, एकाच टाकीतून.

"मेकॅनिकला बोलावतो," नवरा म्हणाला.

"का? मी मेलोय का?"

"तसं नाही हो बाबा. बरं, एक ठरवू. तुम्हीच करा. सगळं नीट झालं तर किल्ली तुमची, मी परत विषय काढणार नाही. गडबड झाली तर किल्ली माझ्याकडे."

बाबांनी माझ्या मांडीवरच्या ढब्बूकडे पाहिलं, जणू घरात समजूतदार तेवढी तीच उरली होती. "ऐकलंस ना? तुझा बाप मला परीक्षेला बसवतोय."

ढब्बू आमची मुलगी, सात महिन्यांची. तिने आजोबांचा चष्मा ओढला. बाबांनी तो होकार समजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा टेम्पोत रोपं भरून गेला. पाचपर्यंत येतो म्हणाला. बाबांनी ट्रॅक्टर चालू करून पंधरा मिनिटं आवारात फिरवला. ऑइल गरम असलं की घळाघळा उतरतं, थंड असलं की नखरे करतं, हे त्यांनी ढब्बूला समजावलं. मग शेडसमोरच्या सपाट फरशीवर तो उभा केला. तेवढ्यात आई, म्हणजे सासूबाई, धुतलेल्या लंगोटांची बादली घेऊन आल्या.

"अहो, जरा वर करा."

इथे आमच्या घरची एक पद्धत सांगायला हवी. ट्रॅक्टरच्या पुढे माती उचलायची बकेट आहे, मोठ्या लोखंडी सुपासारखी. ढब्बू झाल्यापासून आई रोज ती वर करायला लावतात आणि तिच्यापासून खिडकीच्या गजापर्यंत दोरी बांधतात. अंगणात दुसरीकडे ऊन टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाबांनी निमूटपणे बकेट वर केली आणि इंजिन बंद केलं. दोरीवर वीस लंगोट आणि चार दुपटी लागली. त्या तोरणापासून दूर, मागच्या बाजूने बाबा पोतं अंथरून ट्रॅक्टरखाली शिरले.

"काहीतरी पसरट द्या गं! बादली मावत नाहीये."

"बाळाचा टब मिळणार नाही," आई आतूनच ओरडल्या.

"मी टब म्हटलं का?"

"म्हणणार होतात."

शेवटी जुना पत्र्याचा ट्रे सापडला. तो भरला की डब्यात ओतायचा, परत लावायचा, असं करत जुनं ऑइल उतरलं, काळपट आणि जळक्या वासाचं. बाबांनी खालचे नट पुसले, नव्या वॉशरसकट बसवले. फिल्टर बदलताना त्यांनी मला जवळ बोलावलं. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावलं आणि तो हातानेच फिरवत नेला.

"तू बाळाच्या बाटलीचं झाकण लावतेस ना, तस्सं. जीव खाऊन आवळायचं नाही."

मी बाटलीचं झाकण कसं लावते हे या घरात कुणी पाहिलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

"आता पुस्तक वाच. किती भरायचं सांगतंय? माझे हात तेलकट आहेत."

हे मात्र ते हात तेलकट व्हायच्या आधीपासून म्हणत होते. पुस्तकातली अक्षरं मुंगीएवढी आहेत आणि बाबांच्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढलाय. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत आहे. ती सगळ्यांना माहीत आहे एवढं फक्त बाबांना माहीत नाही. मी पायरीवर बसले, एका मांडीवर ढब्बू, दुसरीवर पुस्तक.

"वीस लिटर, बाबा. आणि पुढे... 'पातळी तपासण्यापूर्वी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा आणि...'"

ढब्बूने पानाचा कोपरा ओढला, फाडला आणि तोंडात घातला. मी तिच्या तोंडात बोट घालून कागद काढेपर्यंत तिने असा टाहो फोडला की बाबाच ट्रॅक्टरखालून म्हणाले, "राहू दे, राहू दे! सपाटच आहे जागा. तिला घे आधी."

मी तिला घेतलं. कागदाचा ओला गोळा पायरीवर टाकला. 'आणि'च्या पुढचं त्या गोळ्यात गेलं.

नरसाळं लावून बाबांनी वीस लिटर ओतलं. दोन मिनिटं इंजिन चालू ठेवलं. पुढे-मागे घेऊन पाहायला हवं होतं, बकेटही खालीवर करायला हवी होती, पण दोरी होती. बंद करून त्यांनी ऑइलची पातळी बघायची पट्टी काढली, कपड्याने पुसली, परत बुडवून काढली. ऑइल खुणेच्या बरंच खाली.

"बघ, अजून मागतंय."

"पुस्तकात वीसच आहे, बाबा."

"पुस्तक छापणारा कधी आला होता आपल्याकडे?"

त्यांनी अर्धा लिटर ओतलं. मग आणखी. पट्टी काढायची, उन्हात धरायची, मान हलवायची, परत ओतायचं. ऑइल खुणेला टेकलं तेव्हा साडेबावीस लिटर झालं होतं. बाबांनी पट्टी माझ्यासमोर धरली. खूण आणि ऑइल यांत केसाचाही फरक नाही. मला त्यांच्यापेक्षा जास्त आनंद झाला. त्या खिशात किल्ली नसलेले बाबा कसे दिसतील, हे मी महिनाभर मनात आणायचं टाळत होते.

साडेचारला आईंनी लंगोट काढले. "घ्या हो खाली."

बाबांनी इंजिन चालू केलं, बकेट हळूहळू जमिनीला टेकवली आणि बंद करून उतरले. तेवढ्यात मागून बुडबुड असा आवाज आला. गिअरबॉक्सवरच्या हवेच्या छोट्या टोपीतून ऑइल वर येत होतं आणि घरंगळत फरशीवर.

 बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. बकेट वर असली की तिला उचलून धरणारं ऑइल पुढच्या नळकांड्यांत अडकून असतं. ती खाली आली की ते परत टाकीत येतं. पातळी बघायची तर बकेट टेकलेली हवी. अकरा वर्षं हेच बाबा हे आल्यागेल्याला सांगत आलेत.

"लंगोटांना कुणी काही बोलायचं नाही," आई घडी घालत म्हणाल्या. त्यांना कुणी काही बोललंच नव्हतं.

"पाच वाजायचेत अजून," मी म्हणाले. "जास्तीचं काढून टाकू. कुणाला कळायचं नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. पाना उचलला आणि पोत्यावर आडवे झाले. मी ट्रे सरकवला. नट निघून धार लागली आणि टेम्पो फाटकातून आत आला.

नवरा उतरला, कमरेवर हात ठेवून वाकला. "बाबा, भरायचं होतं ना? हे तुम्ही सोडताय."

"माझ्यामुळे झालं," मी घाईघाईने म्हणाले. "मी पुस्तक वाचून दाखवत होते. बकेट खाली हवी ही ओळ माझ्याकडून राहिली. ढब्बूने पान फाडलं. बाबांचा काही संबंध नाही."

खोटं नव्हतंच ते. नवऱ्याचा चेहरा सैल झाला, त्याला तेवढं निमित्त पुरलं असतं.  ट्रॅक्टरखाली मात्र पाना फरशीवर आपटला आणि बाबा सरकत बाहेर आले. पाठीला पोत्याचे दोरे चिकटलेले.

"वाचून दाखवत होती म्हणजे? मला वाचून दाखवावं लागतं?"

"हात तेलकट होते ना तुमचे..."

"बकेट टेकवायची हे मला पुस्तकाने सांगायचं? अकरा वर्षं मी काय करत होतो? मला पाठ आहे ते. पाठ असून विसरलो. चूक माझी आहे, मी केलीय, अख्खी. तुम्ही त्यात वाटेकरी होऊ नका."

ऐकायला गंमत वाटावी, पण ते खरंच चिडले होते. माझी मदत घेतली असती तर किल्ली राहिली असती. पण मग चष्मा कबूल करावा लागला असता. त्यांनी तेलकट बोटांनी खिशातून किल्ली काढली, शर्टाला पुसली आणि नवऱ्याच्या हातावर ठेवली.

"घे. ठरलं होतं."

नवऱ्याने ती घेतली. महिनाभर तिच्यासाठी भांडला होता. आता ती कुठे ठेवायची ते त्याला सुचेना. आधी मागच्या खिशात घातली, मग पुढच्या. बाबा बादलीपाशी जाऊन हात धुऊ लागले. ट्रॅक्टरखाली धार चालूच होती.

"बाबा, किती काढायचं?"

"किल्ली तुझ्याकडे आहे ना? तिला विचार."

"बाबा, ट्रे भरत आला."

बाबांनी बोटं एकेक करून साबणाने घासली. आई दारात लंगोटांचा ढीग छातीशी धरून उभ्या होत्या.  ढब्बू तेवढी हसत होती.

"बाबा, अहो, नट सापडत नाहीये!"

"नट तुझ्या टाचेखाली आहे, गाढवा. हल तिथून."

बाबा ओल्याच हातांनी आले, पोत्यावर आडवे झाले आणि आत गेले. बाहेर त्यांचे फक्त पाय उरले, एका पायात चप्पल, दुसरी कुठेतरी निसटलेली. नवरा भरलेला ट्रे दोन्ही हातांनी धरून शेजारी उकिडवा बसला, आणि आतून आवाज येत राहिला, "सांडू नकोस. डबा जवळ ओढ. मी सांगेन तेव्हाच पट्टी बघायची. आणि नीट पुसून बघ, घाई करू नकोस."